न मोजलेला कडबा

आमच्या घरी कडब्याच्या दोन बणमी असत, एक चालू सालाची आणि एक मागल्या सालाची. ज्वारीची धाटं वाळली की त्यांच्या पेंढ्या बांधायच्या, पेंढीवर पेंढी लावत घराएवढी रास रचायची आणि वर गवताचं छप्पर घालायचं, की झाली बणीम. गावात प्रत्येकाच्या खळ्यात एक तरी असायचीच. लोक ती फोडत, पुरवून पुरवून घालत आणि नवी ज्वारी निघेपर्यंत संपवून मोकळे होत. आमच्या वडिलांची तऱ्हा वेगळी होती. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. नवी बणीम उभी राहून तिच्यावर छप्पर पडल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे आमच्या बैलांनी जन्मात कधी ताजा कडबा खाल्ला नाही. कायम शिळा, वरून काळा पडलेला आणि आतून पिवळाधमक.

गाव यावरून दादांची थट्टा करी. "ही काय नातवाच्या लग्नात फोडायची का?" असं कोणी विचारलं की दादा नुसते हसत. रझाकारीच्या साली ऐन सुगीत अर्धं गाव सरहद्दीपलीकडे पळालं होतं, शिवारात ज्वारी उभ्याउभी वाळून गेली होती आणि आमची जनावरं जुन्या बणमीवर जगली होती. ती गोष्ट ते कोणाला सांगायला जात नसत. बणीम मात्र घालत राहिले.

थट्टा करणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. मी तेव्हा पंचविशीचा होतो आणि जगातलं सगळं मला कळून चुकलं होतं. सेलूच्या स्टेशनात मालगुदामावर मी कारकून होतो. गाव आमचं वालूरच्या वाटेवर, दोन-अडीच तासांच्या चालीवर. रेल्वेपुरतं इंग्रजी, कचेरीपुरतं उर्दू आणि घरचं मराठी एवढं मला वाचता येई, म्हणून गावाच्या लेखी मी बॅरिस्टरच होतो. दादांना अक्षर येत नव्हतं. घरात, भावकीत, शेजारात कुठलाही कागद आला की तो माझ्यासाठी ठेवून दिला जाई आणि मी शनिवारी संध्याकाळी घरी गेलो की दादा तो माझ्यापुढे ठेवून मांडी घालून बसत. मी वाचीन ते त्यांना ब्रह्मवाक्य. खरं सांगायचं तर मला ते फार आवडायचं.

एकदा जेवताना मी त्यांना म्हणालो होतो, "दादा, आता कशाला दोन दोन बणमी? निजामाची नाकी उठली. इकडचं तिकडं जायाला कुनी अडवीत न्हाई. सेलूतनं रोज डबे भरून सरकी जायलीय, पेंड जायलीय. तसाच चारा बी येईल की. कुठं ना कुठं तर पिकलेला आसतोच."

"रेल्वे तुझी हाय का?" दादांनी विचारलं.

"माझी न्हाई. सरकारची हाय."

"मंग सरकार तुझं हाय का?"

"आता हाय की," मी म्हणालो. माय हसली. दादाही हसले, आणि त्या सालीसुद्धा त्यांनी दोनच बणमी ठेवल्या.

नंतरच्या साली परतीचा पाऊस आलाच नाही. रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली. कणसं नाहीत की धाटं नाहीत. जे काही उगवलं होतं ते लोकांनी उपटून वाळवून जनावरांपुढे टाकलं आणि संक्रांतीच्या आतच गावातली खळी झाडून काढल्यासारखी झाली. आमच्या खळ्यात नवी बणीम उभीच राहिली नाही, पण जुनी होती. दादांची बैलजोडी म्हणजे आमच्याच गाईचे दोन गोऱ्हे, दोन वर्षांच्या अंतराचे, लाल कंधारी. आम्ही त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचो. गाय मरून गेली होती. या दोघांना मिरगापर्यंत काढायचं, एवढंच दादांपुढे काम होतं. त्यांनी पेंढ्यांचा अंदाज घेतला, दिवसाला आठ घातल्या तर पाऊस पडून हिरवं फुटेपर्यंत पुरेल, वर थोडं उरेल, असं मायला सांगितलं आणि नेम मोडून जुनी बणीम फोडली. एवढ्या वर्षांत मी त्यांना एवढं निवांत पाहिलं नव्हतं. सगळं गाव झाडपाल्याला हिंडत होतं आणि आमचे बैल दावणीला रवंथ करत बसले होते. आता दादांची थट्टा करायला कोणी येत नव्हतं.

फाल्गुनात आमच्या स्टेशनात तालुक्याच्या कचेरीकडून एक कागद आला. टंचाईच्या गावांसाठी चाऱ्याचे चार डबे येणार आहेत, ते उतरवून घ्यायची आणि वाटपाची तजवीज ठेवावी, असं त्यात लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला. माझंच बोलणं खरं झालं, याचाच मला आनंद. त्या शनिवारी मी पायात चपला घालायला विसरायचाच बाकी होतो, एवढ्या घाईनं घरी गेलो.

नेमका त्याच दिवशी आक्काचा सासरा आमच्याकडे आलेला. आक्का माझी थोरली बहीण, दुधना नदीपलीकडे चार कोसांवर दिलेली. त्यांच्याकडे सहा जनावरं होती आणि खळ्यात काडी नव्हती. सासरा भला माणूस. सकाळी आलेला, पण दुपार टळेपर्यंत पाऊसपाण्याचंच बोलत बसला. चारा पाहिजे हे त्याच्या तोंडून निघेना. शेवटी आक्काचं लेकरू कसं दुधावाचून किरकिर करतंय हे त्यानं सांगितलं आणि दादांना कळलं.

"गाडी घेऊन या, इवाई," दादा म्हणाले. "एक गाडी भरून न्या."

इथं मी मध्ये पडलो. कोणी विचारलं नव्हतं. "एकच का? चार डबे यायलेत चाऱ्याचे सेलूला. कागद आलाय. मामा, तुमी काय फिकीर करू नका, लागंल तेवढं न्या."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सोता वाचलास?"

"सोता वाचलाव. दोनदा."

"डबे निगालेत का निगनार हायेत?"

"निगालेतच म्हना." कागदात 'येणार आहेत' एवढंच होतं. कुठून येणार, कधी येणार, हे नव्हतं. ते मी बोललो नाही, कारण मला ते तेव्हा महत्त्वाचं वाटलंच नाही. दादांनी मान हलवली. मी वाचलं होतं ना, मग विषय संपला.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लेकीच्या घरी चारा द्यायचा तर पेंढ्या मोजायच्या नाहीत. मोजून देणं म्हणजे लेकीला मोजल्यासारखं. देणाऱ्यानं बणमीवर चढून पेंढ्या खाली टाकत राहायचं, घेणाऱ्यानं गाडीत रचायच्या, आणि "पुरे" म्हणायचं ते घेणाऱ्यानं. देणाऱ्याच्या तोंडून "बस" निघणं ही बेअब्रू. बऱ्या सालात ही रीत फार गोड वाटते. घेणारा अर्ध्यातच पुरे पुरे करतो, देणारा आणखी चार पेंढ्या बळंच टाकतो, हसणं होतं, चहा होतो.

दुसऱ्या दिवशी सासरा त्याची आणि भावकीच्या तीन अशा चार गाड्या घेऊन आला. माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून आला. दादा बणमीवर चढले आणि पेंढ्या टाकू लागले. पहिली गाडी भरली. सासऱ्यानं वर पाहिलं. इवाई थांबतील, त्यांच्यापुरतं राखतील, असं त्याच्या मनात असणार. दादा थांबले नाहीत, कारण थांबायचं त्यानं होतं. दुसरी गाडी भरली. सासऱ्याला वाटलं, यांना डब्यांचा भरवसा आहे, आता आपण पुरे म्हणालो तर यांच्या देण्याला नाव ठेवल्यासारखं होईल. दादांना वाटलं, याच्याकडे सहा जनावरं आहेत, गरज आहे, म्हणून तो पुरे म्हणत नाही. दोघंही अदबीनं एकमेकांचं तोंड बघत राहिले आणि बणीम उतरत गेली. तिसऱ्या गाडीच्या वेळी दादा बणमीवरून खाली आले, कारण चढायला बणीमच उरली नव्हती. चौथी गाडी पाऊण भरल्यावर बुडखा लागला. बुडख्याच्या पेंढ्यांना वाळवी लागलेली होती. तेव्हा कुठं सासरा म्हणाला, "पुरे, पुरे, इवाई, लय झालं."

मी तिथेच उभा होतो. मला रीत आडवी येत नव्हती. मी देणाराही नव्हतो आणि घेणाराही. मी एक शब्द बोललो असतो तर दोघांचीही सुटका झाली असती. पण मी पेंढ्या उचलून देत होतो आणि वर म्हणत होतो, "घ्या मामा, घ्या." माझं त्या दिवसाचं तोंड आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चैत्र लागला तरी डबे आले नाहीत. कचेरीत चौकशी करायला मला पाठवलं, तर तिथला माणूस म्हणाला, जुनी फाइल हैद्राबादेकडे, नवा हुकूम मुंबईकडून, मधलं आम्हाला ठाऊक नाही. राज्य बदललेलं, साहेब बदललेले. पूर्वी दरख्वास्त होती, आता अर्ज होता. तो घेणारा माणूस मात्र कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पुढं कळलं की चारपैकी तीन डबे दुसऱ्याच तालुक्याकडे वळवले. चौथा निघाला होता, पण वाटेतल्या एका जंक्शनात त्याच्या चाकाचा आस तापला आणि तो सिक लाइनीत घातला. रेल्वेत बिघडलेल्या डब्याला सिक म्हणतात. मी रोज सकाळी टेलिफोनवर विचारी आणि पलीकडचा आवाज रोज तेच सांगे, "तुमचा डबा सिक आहे." माणूस आजारी असला तर भेटायला तरी जाता येतं.

आणि माझ्याच फलाटावरून पेंड जात होती. सेलूच्या तेल घाण्यांची सरकीची पेंड, पोती शिवून, डबे भरून, दूरच्या बंदराकडे. तिथून बोटीनं कुठल्या परमुलखातल्या गाईंना. डब्याच्या चिठ्ठीवर बंदराचं नाव मीच लिहायचो. गुदामाच्या बाहेर लिंबाखाली खेड्यांतले लोक डब्याची वाट बघत बसलेले असायचे. त्यांच्यातल्या एकानं एकदा विचारलं, "बाबू, ही कुठं चाललीया?" मी सांगितलं. तो पोत्यांकडे बघत म्हणाला, "तिकडं बी दुष्काळ हाय का?" मी पुढच्या डब्याकडे वळलो. चिठ्ठी लावायचं काम मी थांबवलं नाही, कारण ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. माझ्या हातात फक्त चिठ्ठी होती.

एका घाणेवाल्याकडून मी पेंडीचं एक पोतं मिळवलं आणि घरी पाठवलं. दादांनी ती भिजवून घातली. बैलांना दोन दिवसांत ढाळ लागली. मी घरी गेलो तेव्हा दादा गोठा धूत होते. "पेंड म्हंजी कालवन," ते म्हणाले. "भाकरच न्हाई तर कालवन कशासंगं खावं?" तोवर वाळवी लागलेल्या बुडख्याच्या पेंढ्या झटकून झटकून संपल्या होत्या. पिंपळाची पानं संपली होती. घरावरचं छप्पर मायनं स्वतः ओढून काढलं होतं आणि स्वैपाकघरात वरून ऊन येत होतं. बैलांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

माय मला परसात घेऊन गेली. "आक्काच्या सासऱ्याला सांगावा धाड. अर्धी गाडी तरी परत आन म्हनावं. ह्यांना मी शंबरदा म्हनले, आयकंनात."

दादांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लेकीच्या घरचं मागं घेत्यात व्हय?"

मी गुपचूप सांगावा धाडू शकत होतो. चार कोस काही लांब नव्हते, मी स्वतः जाऊ शकत होतो. पण गेलो असतो तर काय सांगितलं असतं? डबे आले नाहीत हे. म्हणजे माझं वाचलेलं खोटं ठरलं हे. मी म्हणालो, "डबा येईल आता. दोन दिसांत दुरुस्त हुतोय." तसं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी माझी लाज राखत होतो, दुसरं काही नाही.

डबा वैशाखात आला, एका सकाळी, मालगाडीच्या मागच्या टोकाला. लिंबाखालचे लोक धावत फलाटावर आले. दादाही होते. ते दर दोन दिवसांआड पायी येत. गाडी जुंपून बैलांना दमवायचं नाही म्हणून दोरी खांद्यावर टाकून येत. मोहोर फोडली, दार सरकवलं. आत गच्च भरलेलं, बारीक, मऊ, फिकट पिवळं काहीतरी होतं.

"हे काय हाय?" कोणीतरी विचारलं.

"साळीचं काड हाय," दादा म्हणाले. त्यांनी तरुणपणी तिकडचा मुलूख पाहिलेला होता.

भाताचं काड. भातपिकाच्या मुलखात जनावरं तेच खातात आणि जोमानं खातात. कागद पाठवणाऱ्यानं काही लबाडी केली नव्हती. चारा मागितला, चारा आला. पण आमच्याकडचं जनावर जन्मल्यापासून ज्वारीच्या धाटावर वाढलेलं, त्याला हे बिछान्यासारखं लागतं. फलाटाबाहेर जुंपून आणलेल्या एका बैलापुढे एकानं मूठभर टाकून पाहिलं. बैलानं वास घेतला, जोरात फुंकर मारली आणि मान फिरवली. लोकांच्यात एक हसू उठलं आणि लगेच थांबलं. मग सगळे मुकाट्यानं रांगेला लागले, कारण दुसरं काही नव्हतं.

मी तीन दिवसांची रजा काढून दादांबरोबर गेलो. काडाचा भारा माझ्या डोक्यावर होता. दादांनी जे जे करता येईल ते केलं. मिठाचं पाणी शिंपडलं. गुळाचं पाणी शिंपडलं. उरलेल्या पेंडीचा हात फिरवला. घराच्या छपराच्या चार काड्या मिसळल्या. स्वतः थोरल्याच्या तोंडापुढे बसून, लेकराला भरवतात तसे, एक एक घास त्याच्या ओठात सारत राहिले. धाकट्यानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन घास चावले. तिसऱ्या दिवशी थोडे जास्त. त्याला वय कमी, हट्ट कमी. थोरल्यानं तोंडात धरलेलं खाली टाकलं. तो अडेल नव्हता, उभ्या जन्मात कधी चाबूक न लागलेला बैल होता. त्याला ते खाण्यातलं काही आहे हेच कळत नव्हतं, आणि त्याला समजावून सांगायची काही सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बसला. आमच्याकडे म्हणतात, माणूस झोपून मरतं आणि जनावर बसून. बसलेल्या बैलाला उठवावंच लागतं. शेजारचे पाचसहा जण आले, पोटाखालून गोणपाट घातलं, दोन्हीकडून वासे लावले आणि त्याला उभा केला. पाय थरथरत होते. दादा त्याच्या मानेखाली खांदा देऊन उभे राहिले. लोक गेले तरी उभे राहिले. मी म्हणालो, "दादा, मी धरतो." ते म्हणाले, "तुला न्हाई जमायचं." रागानं नाही. जे खरं होतं ते म्हणाले. मी तिथून दोन पावलं मागं सरलो आणि तसाच उभा राहिलो. पुन्हा दोनदा तो बसला, पुन्हा दोनदा उठवला. चौथ्या दिवशी, रजा संपून मी निघायच्या सकाळी, तो उठला नाही. दादा त्याच्या कपाळावरून हात फिरवत होते आणि तो हात न थांबवताच ते म्हणाले, "गेला."

मला रडू आलं. दादांना आलं नाही. ते उठून धाकट्याकडे गेले आणि त्याच्या पुढचं काड सारखं करू लागले.

त्यानंतर आठवड्यानं आक्काचा सासरा आला. त्याला कुठून तरी बातमी लागली होती. गाडीत जवळजवळ अर्धी गाडी कडबा होता, आमचाच. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यानं दादांचे पाय धरायला वाकावं तर दादांनी त्याला वरचेवर धरलं. "तुमी एक शबूद कळवायचा, इवाई," तो म्हणाला. दादांनी त्याच्या गाडीचे बैल सोडले. पाहुण्याच्या बैलांना आधी चारा, मग आपल्यांना, ही आमच्याकडची रीत. त्यांनी गाडीतल्या चार पेंढ्या उपसल्या आणि त्या बैलांपुढे टाकल्या. चांगले तुकतुकीत बैल होते. कटाकटा धाटं मोडत खाऊ लागले. धाकटा दावणीतून मान ताणून बघत होता. त्याला नंतर घातलं. हे मी त्या आठवड्याच्या शनिवारी गेलो तेव्हा मायनं सांगितलं. सांगताना ती दादांवर चिडलेली होती, रीतीवर चिडलेली होती, माझ्यावरही असणार. पण मला कोणीच काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

एकटा बैल म्हणजे शेतकऱ्याचा एक हात. शेजाऱ्याचाही एकच वाचलेला होता. दोघांनी सावड केली, चार दिवस त्याचं रान, चार दिवस आमचं. पेरणीत पहिली तिफण घालणारे दादा त्या साली आपल्या पाळीची वाट बघत बांधावर बसून राहिले.

मी पहिल्यासारखा शनिवारी जात राहिलो. कागद येत असतील. पण माझ्यापुढे कोणी ठेवेना. एकदा देवळीत एक पाकीट दिसलं, फोडलेलं. "ह्यो कुनी वाचला?" मी विचारलं. शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतला, असं माय म्हणाली आणि चुलीपुढे बसली. दादा माझ्याशी बोलत, पीक कसं आहे, पाणी किती आहे, स्टेशनात जेवणाचं काय. कागदाचं बोलत नसत.

दिवाळीनंतर तालुक्याच्या कचेरीतला एक कारकून गावात आला. पुढच्या टंचाईसाठी आधीपासून चाऱ्याची तयारी ठेवायची, म्हणून प्रत्येक घराचा तक्ता भरून घ्यायचा हुकूम निघाला होता. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण त्या दिवशी गावात सगळ्यांच्या तोंडी होती. आमच्या दारात आल्यावर मात्र कोणी ती उच्चारली नाही. मी घरी होतो. कारकून दमलेला होता. मला लिहिता येतं हे कळल्यावर त्यानं तक्ता माझ्याकडेच दिला आणि स्वतः पाणी पीत ओट्यावर बसला. दादा जवळ येऊन उभे राहिले.

पहिल्या रकान्यात बैलजोड्या किती, असं छापलेलं होतं. मी विचारलं, "एकच बैल असला तर काय लिवायचं?"

"अर्धी लिहा," कारकून म्हणाला.

मी अर्धी लिहिलं. पुढं चारा किती लागेल, किती महिने लागेल, हेही लिहिलं. कुठला चारा, याला रकाना नव्हता. मी तक्ता उलटा करून पाहिला, मागंही नव्हता. तेव्हा कडेच्या मोकळ्या जागेत मी लिहिलं : इकडची जनावरं भाताचं काड खात नाहीत, ज्वारीचा कडबा पाठवावा. शक्य तेवढ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं. वर्षभरात माझ्या हातून झालेलं ते एकच शहाणपणाचं काम असेल.

कारकुनानं तक्ता हातात घेतला, वाचला आणि कपाळाला आठी घातली. "शेरे लिहायचे नाहीत. वरून परत येतात तक्ते." त्यानं टाक घेतला आणि त्या ओळीवर आडव्या दोन रेघा ओढल्या. मी म्हणालो, पण हे खरं आहे. तो म्हणाला, खरं असेल हो, पण याला जागा नाही. मग तक्ता घडी करून पिशवीत घातला, रामराम केला आणि पुढच्या घराकडे गेला.

दादा त्याच्या पाठीकडे बघत होते. कितीतरी महिन्यांनी त्यांनी मला कागदाचं विचारलं. "काय खोडलं रं त्यानं?"

"काई न्हाई, दादा," मी म्हणालो. "माझ्याच हातून जरा शाई सांडली व्हती."

त्यांनी मान हलवली, आणि खरं मानलं.